लिमिट लावलं तरी नेट अडकतं कशामुळे?

समजा, तलासरी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत भारतनेटची १०० एमबीपीएसची लाइन आहे. तिच्यावरच पंचायतीचं ऑफिस, आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि चौकातलं वाय-फाय चालतं. चौकात पोरं जमली की आरोग्य केंद्रातला व्हिडिओ कॉल अडकतो. मग कुणीतरी सुचवतं, "सगळ्यांना लिमिट लावून टाका." लिमिट लागतं, कॉल मात्र अडकायचा तो अडकतोच.

लिमिट म्हणजे एकच आकडा, हा पहिला गैरसमज. आकडे दोन असतात: हक्काचा वाटा आणि कमाल मर्यादा. लिनक्समध्ये त्यांना 'रेट' आणि 'सील' म्हणतात, मायक्रोटिकच्या राउटरवर 'लिमिट ॲट' आणि 'मॅक्स लिमिट'. आश्रमशाळेला हक्काचे ३० दिले आणि सुट्टीत शाळा बंद असली, तर ते ३० वाया जात नाहीत, चौकाला उसने मिळतात. शाळेने मागितले की लगेच परत. दोन्ही आकडे सारखेच ठेवले, तर ही उसनवारी बंद पडते आणि लाइन रिकामी असूनही लोक रखडतात.

"वर ९० लावलंय, खाली काहीही लावा." सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लिनक्समध्ये २००२ साली आलेल्या, मार्टिन देवेरा यांच्या एचटीबी पद्धतीत वाट्यांचं झाड असतं. वरच्या फांदीची मर्यादा फक्त उसन्याला लागू होते. खालच्याचा हक्काचा वाटा ती अडवत नाही. चौघांना प्रत्येकी ४० हक्काचे लिहून दिले आणि चौघांनी एकदम मागितले, तर राउटर १६० सोडायला बघेल, वरचे ९० कागदावरच राहतील. त्यामुळे हक्काच्या वाट्यांची बेरीज वरच्या आकड्यात बसवावी: ऑफिस २०, शाळा ३०, आरोग्य केंद्र १५, चौक २५. कमाल मर्यादा मात्र चौघांनाही ९० ठेवायला हरकत नाही.

लाइन १०० ची असताना ९० च का? "दहा फुकट घालवले" अशी कुरकूर होतेच. पण पूर्ण १०० लावले, तर पॅकेटांची रांग आपल्या राउटरऐवजी कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे आपले नियम चालत नाहीत. शिवाय राउटरला फक्त बाहेर पडणारी पॅकेटं थोपवता येतात, म्हणून डाउनलोडचं लिमिट गावाकडच्या पोर्टवर लावायचं.

प्रायॉरिटी दिली की वेग वाढतो, हेही खरं नाही. हक्काचे वाटे भागल्यावर उरलेल्यातलं आधी कुणाला, एवढंच ती ठरवते. आणि लिनक्सच्या 'टीसी' आज्ञेत 'केबीपीएस' म्हणजे किलोबाइट, किलोबिट नव्हे! तिथे चुकलात तर लिमिट आठपट मोठं लागतं.

वायरलेस लिंक असेल, तर १०० हा आकडाच पक्का नसतो. डहाणूच्या चिकूवाड्यांमधून जाणारा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पानांत बराच अडतो. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या खामलोलीत टीव्हीच्या मोकळ्या लहरींवर नेट चालवून पाहिलं, ते अशीच झाडी पार करायला. अशा लिंकवर वरचा आकडा गर्दीच्या वेळी वेग मोजून ठरवावा आणि खालचे वाटे त्यात बसतील इतके कमी करावेत.