तिसरीतल्या मुलीची वही आणि आपली लाल शाई

मागील शैक्षणिक वर्षात जूनपासून एप्रिलअखेरपर्यंत एका तिसरीतल्या मुलीच्या भाषेच्या वह्या मी जपून ठेवल्या. मुलगी माझी भाची. बहीण आणि मेहुणे दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, म्हणून ती माझ्या आईजवळ राहते आणि आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत जाते. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पंधरवड्यातून एखाद्या रविवारी घरी जातो. ह्या वह्या क्रमाने वाचल्यावर जे दिसले ते शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती टाळून हा विषय सांगता येणार नाही.

प्राथमिक शिक्षणाची आपली चर्चा बहुतेक वेळा पट, गळती, इमारत आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा ह्यांपाशी थांबते. ती आवश्यकच आहे. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले मूल साक्षर होऊन, आणि पुढेही साक्षर राहील अशा टप्प्यावरच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. साक्षर राहणे म्हणजे काय, हा प्रश्न मात्र आपण पुरेसा विचारला नाही. फळ्यावरचे उतरवता येणे म्हणजे साक्षर राहणे, की स्वतःचे म्हणणे कागदावर मांडता येणे? मूल शाळेत टिकते, पण त्याचे म्हणणे वहीतून गळून जाते, अशीही एक गळती असते. ती कोणत्याही तक्त्यात येत नाही.

आता वहीकडे येतो. जुलैत बाईंनी ‘पाऊस’ ह्या विषयावर लिहायला सांगितले होते. भाचीने लिहिले :

“रात्रि लई पाऊस आला. आजि उठली. घरात पानी आलं. आमी पतेलं मांडलं. मंग बादलि मांडली. मंग मी झोपले न्हाई.”

एकोणीस शब्दांचे लेखन. बाईंकडे एका खोलीत दोन वर्ग. त्यांनी खाली बरोबरची खूण करून वही परत दिली होती. मी रविवारी घरी गेलो, वही पाहिली आणि लाल पेन घेऊन बसलो. दहा शब्दांना गोल केले. पोरीने ते मोजले. ‘मामा, धा चुकलं,’ एवढेच ती म्हणाली.

त्या दहा गोलांकडे मी नीट पाहिले ते सहा महिन्यांनी. ते तीन वेगवेगळ्या जातीचे होते.

पहिला प्रकार एकाच शब्दात आहे : ‘पतेलं’. येथे काना राहून गेला. मुलगी स्वतः ‘पातेलं’ म्हणते. म्हणजे जे ऐकले ते चिन्हात उतरवताना ती अडखळली. ही खरी शिकण्यातली चूक. वाचन आणि सराव ह्यांनी ती जाते, आणि तिच्या वहीतून ती दिवाळीपर्यंत गेलीही.

दुसरा प्रकार वेलांटीचा : रात्रि, आजि, बादलि. त्याच उताऱ्यात तिने ‘उठली’ आणि ‘मांडली’ मात्र दीर्घ लिहिले आहे. असे का व्हावे? कारण ह्या ठिकाणी कान मदत करीत नाही. मराठी बोलताना इकार-उकारांतला ऱ्हस्व-दीर्घ फरक अर्थ बदलीत नाही; तो लिहिताना पाळायचा संकेत आहे. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्या नियमांप्रमाणे ‘फूल’ दीर्घ, पण ‘गुण’ ऱ्हस्व. कारण ‘गुण’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. म्हणजे योग्य वेलांटी-उकार द्यायचा तर कोणता शब्द संस्कृतातला आणि कोणता मराठीतला हे आधी माहीत पाहिजे. ज्या समाजाच्या कानावर संस्कृत पडणे हाच एके काळी गुन्हा होता, त्या समाजाच्या आठ वर्षांच्या मुलीची शुद्धता आपण ह्या ज्ञानावर मोजतो. नियम नकोत असे मी म्हणत नाही. पण ते पाठांतराचे काम आहे. त्यावरून बुद्धीची परीक्षा होत नाही, हे तरी आपण कबूल केले पाहिजे.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा : लई, पानी, आमी, मंग, मंग, न्हाई. दहांपैकी सहा गोल येथे पडले आहेत. आणि येथे मुलगी चुकलेलीच नाही. आमच्या वस्तीत ‘पानी’ म्हणतात. तिने जो ध्वनी उच्चारला त्याचेच अक्षर लिहिले. ध्वनी आणि अक्षर ह्यांचे नाते समजणे हीच लेखनाची पहिली पायरी असेल, तर ‘पानी’ हा ती पायरी चढल्याचा पुरावा आहे. मी त्या पुराव्याला गोल केला. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा ‘मराठी’ असते. पण त्या मुलीच्या मातेची मराठी वहीत उतरली की तिच्याभोवती लाल रेघ येते.

ह्या रेघेचा परिणाम काय झाला तेही वहीत नोंदले गेले आहे. ऑगस्टमध्ये विषय होता ‘माझा आवडता प्राणी’. भाचीने निबंधाच्या पुस्तकातून गाईवर नऊ वाक्ये लिहिली. गाय पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, ती आपल्याला दूध देते. एकही चूक नाही. मी खूश होऊन तिला कंपासपेटी घेऊन दिली. आमच्या घरी गाय नाही, शेळी आहे. भाची तिच्याशी दिवसभर बोलत असते, हे मला ठाऊक असूनही त्या वेळी सुचले नाही. सप्टेंबरात मोरावर तीन वाक्ये. ह्या काळात लिहिण्याआधी ती विचारू लागली, ‘मामा, ह्यो शब्द चालंल का?’ मी जवळ नसलो की शंका येणारा शब्द गाळून टाकी. शब्द गाळला की त्याच्यासोबतची गोष्टही जाई. चुका कमी झाल्या, कारण लिहिणेच कमी झाले. सत्रअखेर तिला भाषेत ब-२ श्रेणी मिळाली.

माझी चूक नुसत्या घाईची नव्हती. त्याच आठवड्यांत मी वर्गात दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) शिकवीत होतो. ह्या आत्मकथनांतील बोली म्हणजे नकारलेल्या माणसाचा जिवंत उद्गार, असे मुलांना सांगत होतो. छापील पुस्तकातली बोली मला वाङ्मयीन मूल्य वाटत होती आणि भाचीच्या वहीतली तीच बोली चूक. ह्याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. महाविद्यालयात पहिल्या वर्षी उभा राहून वाचताना माझ्या ‘न’ आणि ‘ण’वर वर्ग हसला होता. ते हसू भाचीच्या वाट्याला येऊ नये, हा माझा हेतू. पण ते टाळण्यासाठी मी त्या वर्गाचे काम स्वतःच्या हाती घेतले, आणि तेही तिच्या घरात बसून.

दसऱ्यानंतर बहीण-मेहुणे टोळीबरोबर गेले. नोव्हेंबरात भाचीने आईला चिठ्ठी लिहिली. शेजारच्या पोराने मोबाइलवर तिचा फोटो काढून टोळीतल्या एकाला पाठवला. बहिणीला वाचता येत नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या एका तरुणाने ती फडातून परतल्यावर कोपीसमोर मोठ्याने वाचली. चिठ्ठी अशी होती :

“माय, शेळीला दोन पिल्लं झाले. एक पांढरं हाय. आजीचं गुडघं दुखतंय पण ती मला सांगत न्हाई. तू फोनवर रडू नको. मी रडत न्हाई. मी रडते पण थोडी.”

बहीण फोनवर म्हणाली, ‘भाऊ, बायांनी ती दोनदा वाचाया लावली.’ मला ह्या चिठ्ठीचा पत्ताच नव्हता. पोरीने ती मला दाखवली नव्हती. का दाखवली नसेल हे सांगायला नको.

जुलैचा उतारा आणि ही चिठ्ठी शेजारी ठेवून पाहा. जुलैत एका घटनेमागून दुसरी येते आणि दोहोंना जोडायला फक्त ‘मंग’ आहे. मूल लिहू लागले की प्रथम असेच लिहिते. चिठ्ठीत ‘पण’ आला आहे, तोही दोनदा. ‘पण’ लिहायला दोन विरुद्ध गोष्टी मनात एकाच वेळी धराव्या लागतात. आजीला दुखते, पण ती लपवते. ‘मी रडत न्हाई’ असे लिहून पुढच्याच वाक्यात ती स्वतःला दुरुस्त करते. लेखनातली ही वाढ आहे. ती गाईच्या नऊ शुद्ध वाक्यांत कोठेही नव्हती. ती आली, कारण ह्या वेळी सांगायला काही होते, आणि ज्याला सांगायचे ते माणूसही होते.

जानेवारीत मी बाईंना भेटलो. दोष काढायला नव्हे. दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना दोष देणे सोपे असते. चिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, ‘सर, मग दुसरी वहीच करू या.’ शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटे मुलांनी ह्या दुसऱ्या वहीत आपले आपण लिहावे; त्या वहीला लाल शाई लागायची नाही. त्यांतलेच चार-पाच शब्द सोमवारी फळ्यावर येत. दोन रकाने : ‘आपण म्हणतो’ आणि ‘पुस्तकात असते’. पानी – पाणी. मंग – मग. न्हाई – नाही. कोणताही रकाना चुकीचा नाही; कोठे कोणता वापरायचा ते शिकायचे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या मुलांना बोलीतच राहू द्या, असा ह्याचा अर्थ नाही. अर्ज, परीक्षा, कचेरी, न्यायालय ह्या सगळ्या ठिकाणी प्रमाणभाषा लागते आणि ती आमच्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. ती नाकारणे म्हणजे त्यांना पुन्हा वेशीबाहेर ठेवणे होय. प्रश्न ती कशी द्यायची हा आहे : घरची भाषा पुसून, की तिच्या शेजारी? मार्चमध्ये भाचीच्या शाळेच्या वहीत ‘पाणी’ आले आणि शनिवारच्या वहीत ‘पानी’च राहिले. आठ वर्षांच्या मुलीला दोन्ही सांभाळता आले. मला ते तिशी ओलांडल्यावर कळले.

ही काही नवी कल्पना नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती सुमारे चौदा वर्षांची, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली. धर्मग्रंथांवर अधिकार नसलेल्या माणसांचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीने निबंधात विचारला. दलित स्त्रीच्या उपलब्ध लेखनाचा आरंभच मुळी शाळकरी मुलीच्या निबंधाने होतो. तिला आपले दुःख हा निबंधाचा विषय करता आला, म्हणून ते लेखन उरले. गाईवर लिहिले असते तर कोणाच्या ध्यानात राहिले असते?

एप्रिलमध्ये बहीण परतली. शनिवारच्या वहीत शेवटच्या पानावर आहे :

“माय आली. तिनं फ्रॉक आणला. तो आखूड झाला कारण तिला वाटलं मी दिवाळीला होते एवढीच असंन. मी तो पांढऱ्या पिल्लाला घातला. माय हसली मग रडली.”

वर्षात प्रथमच ‘कारण’ आले आहे, आणि त्या कारणात दुसऱ्याच्या मनातला विचार आहे. ऊसतोडीच्या हंगामाने आई-मुलीत किती अंतर पडते हे सांगायला मला दोन पाने लागली असती. वार्षिक निकालात भाषेची श्रेणी पुन्हा ब-२ आली. प्रगतिपत्रक पाहिले तर हे वर्ष जिथल्या तिथे राहिले.

म्हणून वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांना शिकवायला बसणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना काही सुचवावेसे वाटते. मुलाच्या वह्या रद्दीत देऊ नका. वर्षभराच्या एकत्र ठेवा आणि क्रमाने वाचा. चूक दिसली की ती शिकण्यातली, संकेतातली की बोलीतली, हे आधी ठरवा आणि मगच हात लावा. चुका मोजायच्या तर ‘मग’, ‘पण’, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हेही केव्हा आले ते मोजा. आणि मुलाला असे काही लिहायला द्या, की जे वाचायची कोणीतरी खरोखर वाट पाहत असेल.

भाची आता चौथीत गेली आहे. जूनच्या पहिल्या रविवारी तिने नवी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘मामा, वाच. पेन ठिव तिकडं.’