सांधा सोडवा, काठी सांभाळा

नात तिरंदाजी करते. कंपाउंड धनुष्य, अंतर ५० मीटर. बाणांची डागडुजी मात्र तिने माझ्या गळ्यात टाकली आहे. ‘आजोबा, तुम्ही मिलमध्ये केमिस्ट होतात ना, मग डिंक-बिंक तुमचंच खातं,’ हे तिचं कारण. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे याच कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या घरात या खेळाला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

बाणाच्या मागच्या बाजूला तीन पिसं असतात, एकमेकांपासून १२० अंशांवर. हल्ली ती प्लास्टिकची असतात; मुलं त्यांना वेन म्हणतात. शेपटीकडे हवेचा अडसर निर्माण करून बाणाला सरळ ठेवायचं आणि फिरवायचं, हे त्यांचं काम. नेम चांगला असला की बाण एकमेकांच्या अंगावर बसतात आणि वेन फाटतात. फाटका वेन घेऊन सुटलेला बाण भरकटतो. म्हणून जुने वेन काढून नवे चिकटवायचे. चिकटवणं सोपं आहे, त्यासाठी जिग नावाचा साचा मिळतो. माणसं शाफ्टची, म्हणजे बाणाच्या काठीची, वाट लावतात ती जुने वेन काढताना.

आमच्या नेपा कागद मिलमध्ये हाच पेच दररोज असायचा. १९५६ साली पंडित नेहरूंनी ही मिल देशाला अर्पण केली, तेव्हा इथे बांबू आणि सालईच्या लाकडापासून वर्तमानपत्राचा कागद होत असे. पुढे रद्दी आली, आणि रद्दीबरोबर तिच्यावरची शाई. ती सोडवायला कॉस्टिक सोडा आणि साबण वापरतात. सुटलेली शाई हवेच्या बुडबुड्यांवर स्वार होऊन वर येते. पण सोडा जास्त झाला की लगदा पिवळा पडतो. शाई सुटावी आणि धागा शाबूत राहावा, एवढ्यासाठी सगळी मोजमापं. बाणालाही मी तोच नियम लावतो.

आधी ओळखायचं, काय कशाला चिकटलं आहे. वेन बहुधा फेविक्विकच्या जातीच्या डिंकाने चिकटवलेले असतात. हा डिंक ॲसिटोनमध्ये विरघळतो. मग शाफ्ट सरळ ॲसिटोनमध्ये बुडवून का ठेवू नये? कारण कार्बनचा शाफ्ट म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारं इपॉक्सी, म्हणजे तोही एक डिंकच. त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंतलेले असल्यामुळे ओझरत्या ॲसिटोनला तो दाद देत नाही. पण तासन्‌तास बुडवलं तर तोही फुगून नरम पडू शकतो. उष्णतेचंही तसंच. शाफ्ट मेणबत्तीवर किंवा गॅसवर धरला की वेन सुटतो खरा, पण आतलं इपॉक्सी कायमचं बिघडतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून मी आधी हत्यार वापरतो, रसायन नंतर. सुरुवातीला नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची दोरीत अडकणारी खाच, काढून ठेवायचा, कारण ॲसिटोनने त्याच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. मग बोथट सुरी जवळजवळ आडवी धरून वेनच्या पायाखाली सरकवायची, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने. धारदार ब्लेड नको: ते धाग्यांत घुसतं, आणि आडवी चीर म्हणजे उद्याचा तुकडा. राहिलेला डिंक त्याच सुरीने खरवडायचा. शेवटचा पातळ थर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. नातीचं नेलपॉलिश रिमूव्हर यासाठी चालत नाही. त्यात बऱ्याचदा तेल आणि सुगंध असतो, काहींत तर ॲसिटोनच नसतं. तेलाचा थर राहिला की नवा वेन धरत नाही. त्याच कारणाने पुसलेल्या जागी बोटही लावायचं नाही. ॲसिटोन भडकन पेटतं, तेव्हा हे काम खिडकीजवळ करावं, देवघर आणि शेगडीपासून लांब.

वेनखाली रंगीत स्टिकर गुंडाळलेला असेल तर काम हलकं होतं. कोमट-गरम पाण्यात थोडा वेळ धरला की स्टिकर नरम होतो आणि वेनसकट सोलून निघतो.

बांबूच्या बाणाचं गणित वेगळं. पिसं दोऱ्याने बांधलेली असतील तर दोरा कापला की झालं. पांढऱ्या फेविकॉलने चिकटवली असतील तर गरम पाण्याचं पिळलेलं फडकं ठेवून वाट पाहावी. घासकागद मात्र जपून. बांबूची ताकद सालीलगतच्या दाट धाग्यांत असते. साल गेली की आतला बांबू तितका कणखर नसतो.

नवे वेन लावण्याआधी शेवटची तपासणी. कार्बनचा शाफ्ट दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून दूर, हलकेच वाकवायचा, थोडा फिरवून पुन्हा वाकवायचा आणि कान द्यायचा. करकर ऐकू आली किंवा बोटाला कुस लागली, तर तो बाण संपला. असा बाण सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. नातीला वाटतं सरावापुरता चालेल. मी त्यावर टेप गुंडाळतो आणि मधोमध मोडून टाकतो, म्हणजे मैदानावर दुसऱ्या कुणाचं पोर तो उचलून धनुष्याला लावणार नाही.