केवलादेव राष्ट्रीय उद्यान

राजस्थान राज्यातील भरतपूर शहरालगतचे, पाणपक्ष्यांसाठी विख्यात असलेले संरक्षित पाणथळ क्षेत्र. यास ‘केवलादेव घाना’ असेही म्हणतात. क्षेत्रफळ सु. २९ चौ. किमी.; त्यापैकी सु. एक-तृतीयांश भाग पाणथळ असून उर्वरित भागात गवताळ माने व बाभूळ, कदंब इ. वृक्ष आहेत. येथे ३५० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

हा मूळचा नैसर्गिक खोलगट प्रदेश. अठराव्या शतकात गंभीर व बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अडविण्यासाठी भरतपूर संस्थानने अजान बांध घातला. पुढे त्यातील पाणी कालव्याने येथे आणून व बंधाऱ्यांनी त्याचे कप्पे पाडून बदकांच्या शिकारीसाठी तळी तयार करण्यात आली. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या भेटीच्या वेळी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. या क्षेत्रास १९५६ मध्ये अभयारण्याचा व १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९८१ मध्ये रामसर यादीत व १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला.

पावसाळ्यात नदीच्या पाण्याबरोबर मत्स्यबीज येते. त्यावर चित्रबलाक, चमचा, बगळे, पाणकावळे इ. पक्ष्यांची वीण अवलंबून असते. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर ते वसाहतीने घरटी करतात. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व हंस येतात. पाण्याची खोली सर्वत्र सारखी नसल्याने भिन्न सवयींच्या पक्ष्यांना एकाच तळ्यात अन्न मिळते.

१९८२ मध्ये गुरांच्या चराईवर बंदी घातली गेली. विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर गोळीबार होऊन काहींचा मृत्यू झाला. तथापि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की, म्हशींची चराई थांबल्यावर पॅस्पॅलम गवत फोफावून पाण्याचा उघडा पृष्ठभाग आक्रसला व बदकांची गैरसोय झाली. चराई हा या परिसंस्थेचाच एक घटक बनला होता.

सायबेरियन क्रौंचाची जोडी येथे अखेरची २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली. स्थलांतरमार्गावरील शिकार हे त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण मानले जाते. उद्यानातील संरक्षण तेथपर्यंत पोहोचू शकत नव्हते.

पाण्याचीही स्थिती तशीच आहे. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर अजान बांधाकडे येणारा प्रवाह घटला. धरणाखालील शेतकऱ्यांची सिंचनाची गरज व उद्यानाची गरज यांत संघर्ष उद्भवला आणि अवर्षणाच्या वर्षी तळी कोरडी पडून वीण खुंटली. त्यानंतर गोवर्धन नाला व चंबळ नदी यांतून पाणी आणण्याच्या योजना हाती घेण्यात आल्या; परंतु नळाने आणलेल्या पाण्याबरोबर पुरातील मत्स्यबीज येत नाही. सीमेबाहेरील नदीच्या पाण्यात उद्यानाचा निश्चित वाटा राखणे, ही त्यामुळे या उद्यानाच्या संरक्षणाची मूलभूत अट ठरते.