शंभर वर्षांची मुदतठेव

गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या घरोघरी असते, पण ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी थाटलेला तो एकत्र संसार. शास्त्रज्ञ त्याला ‘शैवाक’ म्हणतात. बुरशी आसरा देते, ओल धरून ठेवते; शैवाल उन्हावर अन्न शिजवते. श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे सांगितले, तेव्हा भल्याभल्यांना ते पटले नव्हते.

काही शैवाकांच्या घरात नील-हरित जीवाणूही नांदतात. भातखाचरात खत म्हणून सोडतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे हे भाऊबंद. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही झाडांना तो थेट घेता येत नाही. हे जीवाणू तो पकडून वापरण्याजोगा करतात.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात डग्लस फर वृक्षांची पुराणी अरण्ये आहेत. तिथल्या उंच फांद्यांवर ‘लोबारिया ओरेगाना’ हे पानांसारखे पसरणारे शैवाक वाढते. १९७० च्या दशकात विल्यम डेनिसन आणि त्यांचे सहकारी दोर लावून त्या झाडांवर चढले आणि त्यांनी वरचा हिशेब मांडला. हिवाळी वादळांत लोबारियाचे तुकडे खाली पडतात. फरच्या सुया कुजायला वर्षानुवर्षे लागतात. लोबारिया मात्र साधारण वर्षभरात मातीत विरून जाते आणि साठवलेला नायट्रोजन मुळांच्या हवाली करते. हेक्टरी वर्षाला काही किलो, एवढेच हे देणे. युरियाच्या एका गोणीपुढे ही चिल्लरच. पण नायट्रोजनाची टंचाई असलेल्या त्या मातीत ती शतकानुशतके जमा होत राहते.

मेख पुढेच आहे. कोवळ्या रानात लोबारिया क्वचितच आढळते. ते चांगले बस्तान बसवते तोवर रानाचे वय शंभरी ओलांडते. पन्नास वर्षांनी तोडायच्या लागवडीत त्याची पाळी येणार कधी? १९९४ च्या वनआराखड्याने तिथल्या सरकारी जंगलांतील बऱ्याच जुन्या रानांना संरक्षण दिले, त्याचे मोल इथे कळते.

आपल्याकडे आंब्याच्या खोडावरचे करडे चट्टे लोक रोग समजून खरवडतात. शैवाक झाडाचा रस शोषत नाही. खोड ही त्याची केवळ बसायची जागा. सगळीच शैवाके नायट्रोजन धरत नाहीत, पण कुजल्यावर प्रत्येक जण मातीला काही ना काही देऊन जाते.

बँकेतली मुदतठेव मुदतीआधी मोडली, तर व्याज थोडे बुडते, मुद्दल हाती येते. पुराणे रान मोडले, तर लाकडाचे पैसे येतात. ठेव मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागते, आणि ती पिकलेली पाहायला आपली नातवंडेही नसतात.