पॅनहार्डचा दांडा आणि जेम्स वॉटचं पत्र

झाशीला आलेला मराठी माणूस आधी किल्ल्यावर जातो, मग राणी महालात, मग लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं त्या गणेश मंदिरात. मीही जातो. पण नंतर माझे पाय ग्वाल्हेर रस्त्याकडे वळतात. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे देशाचे दोन्ही महामार्ग झाशीत एकमेकांना छेदतात, त्यामुळे मालवाहू गाड्यांना इथे तोटा नाही. मी त्या मागून बघतो. मागच्या ॲक्सलची दोन्ही चाकं चासीपासून सारख्या अंतरावर आहेत का, एवढंच बघायचं असतं. हे वेड जुनं आहे.

या शहरात ॲक्सलचं दुसरं घराणंही नांदतं. इंडियन मिडलंड रेल्वेनं १८९५मध्ये इथे वर्कशॉप उभारलं आणि मालडब्यांची दुरुस्ती आजही तिथे चालते. आगगाडीचं चाक सपाट नसतं, त्याला विसात एक असा उतार दिलेला असतो. चाकांची जोडी उजवीकडे सरकली की उजवं चाक जाड भागावर आणि डावं बारीक भागावर फिरू लागतं, आणि जोडी आपसूक मध्याकडे वळते. रस्त्यावरच्या ॲक्सलला ही सोय नाही. त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत ते काम पाट्यांकडे, म्हणजे लीफ स्प्रिंगांकडे, असतं. गिट्टी भरली की पाटे दबतात, पण आडवे सरकत नाहीत. सेंटर बोल्ट शाबूत आणि यू-बोल्ट घट्ट असले की ॲक्सल जागच्या जागी राहतो. पाट्यांची गाडी ठोकळे घालून खाली आणली तरी हा हिशेब फारसा बिघडत नाही.

बिघडतो तो कॉइल स्प्रिंगच्या गाडीत. शेवरलेनं १९६०मध्ये सी-१० हा अर्ध्या टनाचा पिकअप आणला. त्याच्या मागच्या बाजूला पाटे नव्हते. दोन लांब हात ॲक्सलला पुढेमागे धरत, स्प्रिंग वजन पेलत, आणि डाव्या-उजव्या हालचालीला आवर घालायला एकच आडवा दांडा होता. त्याचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. पॅनहार्ड आणि लव्हासॉर या फ्रेंच कंपनीवरून त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. १९७२पर्यंत ही रचना टिकली. आज अमेरिकेत हे जुने पिकअप जमिनीलगत आणण्याचा मोठा छंद आहे, आणि छंदिष्टाला पहिला धक्का बसतो तो एक चाक मडगार्डच्या बाहेर डोकावताना पाहून.

कारण साधं आहे. दांड्याचं टोक वर्तुळाच्या कंसात फिरतं. समजा दांडा ९० सेंटिमीटरचा आहे आणि मुळात आडवा आहे. गाडी १० सेंटिमीटर खाली आली की चासीकडचं टोक तेवढं खाली येतं, दांडा तिरका होतो आणि ॲक्सलला साडेपाच मिलिमीटर आपल्याकडे ओढतो. गॅरेजच्या भाषेत दोन सुतांच्या आत. पण गाडी २० सेंटिमीटर उतरवली तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, सव्वादोन सेंटिमीटर.

उपाय दोन. एक म्हणजे लांबी बदलता येणारा दांडा: एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. गाडी सपाट जागी, वजन चाकांवर, चासीवरून दोन्ही बाजूंना ओळंबा सोडायचा. दोन अंतरांतल्या फरकाच्या निम्मा ॲक्सल सरकलेला असतो. दांडा फिरवून तेवढा लांबवला, चेकनट आवळले, काम झालं. माप मात्र चासीवरूनच घ्यावं. मागचा हौदा बोल्टांवर बसलेला असतो, तो स्वतःच वाकडा असू शकतो.

बहुतेक जण इथे थांबतात आणि माझा विरोध इथेच आहे. उभी गाडी मध्यावर आली, पण दांडा तिरकाच राहिला. वरच्याच १० सेंटिमीटर उतरवलेल्या गाडीत दांडा लांबवून ॲक्सल मध्यावर आणला, आणि मग चाक खड्ड्यामुळे पाच सेंटिमीटर वरखाली झालं, तर ॲक्सल एका बाजूला सात मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर सरकतो. दांडा आडवा असेल तर तीच हालचाल दीड मिलिमीटरच्या आत राहते. म्हणून दुसरा उपायच खरा: चासीकडचा ब्रॅकेट वर घ्यायचा किंवा ॲक्सलकडचा खाली, आणि दांडा पुन्हा आडवा करायचा. लांबीची बारीक जुळणी त्यानंतर.

सी-१०चे ते लांब हात पुढे अमेरिकेच्या नॅसकारच्या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींत गेले आणि २०२१च्या हंगामापर्यंत तिथे राहिले. सोबत आडवा दांडाही होता. शर्यत चालू असताना गाडी थांबली की मेकॅनिक मागच्या काचेतल्या भोकातून पाना घालून दांड्याचं एक टोक वर किंवा खाली करायचा. तिथे दांड्याच्या तिरकेपणाला एवढं मोल होतं.

कंसाच्या या दुखण्यावरचा इलाज मोटारीच्या शंभर वर्षं आधी सापडला होता. जून १७८४च्या अखेरीस जेम्स वॉटनं भागीदार मॅथ्यू बोल्टनला एक पत्र पाठवलं. वाफेच्या इंजिनाची तुळई कंसात झुलते आणि पिस्टनचा दांडा मात्र सरळ वरखाली गेला पाहिजे, ही त्याची अडचण. खाचा नकोत, साखळ्या नकोत, नुसत्या सांध्यांनी हे साधण्याची वाट दिसू लागली आहे, असं तो कळवतो. ते वाचताना त्याची घाई जाणवते. दोन दांड्यांचे कंस एकमेकांविरुद्ध झुकवले की त्यांना जोडणाऱ्या पट्टीवरचा एक बिंदू जवळपास सरळ रेषेत चालतो. चोवीस वर्षांनी, १८०८मध्ये, म्हातारा वॉट मुलाला लिहितो की आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत या जोडणीचाच आपल्याला सर्वांत अधिक अभिमान वाटतो. वाफेच्या इंजिनाचा कायापालट करणारा माणूस हे लिहितो. आणि तो बिंदूही काटेकोर सरळ चालत नव्हता. ते गणित पोसेलिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं १८६४मध्ये सोडवलं.

वॉटची जोडणी आडवी करून मागच्या ॲक्सलला लावली की तो बाजूला जवळपास न सरकता वरखाली होतो. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२पासून मागे हीच जोडणी आहे. ती गाडी झाशीच्या रस्त्यांवर धावते. तिच्या मागे थोडं वाकून बघावं, मधल्या फिरत्या पट्टीला जोडलेले दोन आडवे दांडे दिसतात.

आपल्याकडे जुना पिकअप खाली आणायचा तर कायदाही पाहावा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे अधोरेखित केलं. मला ते पटतं. ॲक्सल सरकला की टायर आतून घासतो, ब्रेकचा होज ताणला जातो, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला त्यातलं काहीच दिसत नाही.