म्हसवड, माणगंगा आणि वैरणीचा प्रश्न

जमाखर्चाच्या आकड्यांपूर्वी एका नदीकाठच्या गावाची हकीकत देण्याचे आम्ही योजिले आहे. दिलेले द्रव्य वैरणीकडे अगोदर का वळवावे लागते, हे दात्यांस त्यावरून कळेल.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागी, माण तालुक्यात, माणगंगेच्या काठी म्हसवड वसले आहे. ही नदी याच तालुक्यात कुळकजाईनजीक उगम पावते व सांगोल्याकडून पुढे जाऊन भीमेस मिळते. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या आडोशामुळे म्हसवडकडे तो सुमारे २० इंच, आणि तोही बेभरवशाचा. ग्रामदैवत श्रीसिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस नदीच्या पात्रातून ओढण्याचा परिपाठ आहे. नदीस पाणी असेल त्या वर्षी मार्ग बदलावा लागतो. यावरून नदीची स्थिती ध्यानी येईल.

गाव जुने आहे. मराठेशाहीत माने घराण्याचे हे ठिकाण. १६९७ साली सेनापती संताजी घोरपडे यांस ठार करणारे नागोजी माने येथलेच. तथापि शेतकऱ्यांत गावाचे नाव झाले ते गुरांमुळे. खिल्लार जनावरांच्या एका प्रकारास म्हसवडचेच नाव आहे.

येथील दुष्काळाचे मर्म याच ठिकाणी आहे. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर येते. दाणा माणसास व कडबा गुरास, अशी एकाच पिकावर दोघांची भिस्त. पीक बुडाले म्हणजे कणगी व गंजी एकदमच रिती होते. धान्य बाहेरून आणता येते. कडबा अवजड, त्याचे वाहणावळच अंगावर येते. मग सारेच शेतकरी एकाच वेळी जनावरे बाजारात उभी करतात, भाव कोसळतो, आणि पुढे पाऊस झाला तरी तेच जनावर दुप्पट मोलाने घेण्याचे सामर्थ्य उरत नाही. आज नांगरट बव्हंशी ट्रॅक्टराने होते हे खरे. पण घरची मीठमिरची आता दुधावर चालते, म्हणून गाय विकली गेली की उत्पन्नच तुटते. एका वर्षाचा दुष्काळ घरात तीन वर्षे राहतो, तो असा.

उपायांचा इतिहासही बोधप्रद आहे. १८७६-७८ च्या घोर दुष्काळानंतर माणगंगेवर राजेवाडीचा, म्हणजेच म्हसवडचा, तलाव बांधला गेला. बांध शहराच्या खालच्या अंगास असल्याने कालव्याचा लाभ मुख्यतः सांगोले-आटपाडीकडे गेला; पण ते काम आजही उभे आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून व तलाव खोदून लोकांनी दिवस काढले, आणि त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. १९९७ साली येथील स्त्रियांची माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. सभासद स्त्रिया निरक्षर म्हणून परवाना प्रथम नाकारला गेला. त्या लिहावयास शिकल्या व तो मिळवून आल्या. त्याच मंडळींच्या प्रतिष्ठानाने २०१२-१३ च्या अवर्षणात म्हसवडास गुरांची छावणी चालविली. हजारो जनावरे तेथे जगली, आणि ती विकावी लागली नाहीत.

यावरून आमचे धोरण ठरले आहे. भुकेल्यास अन्न देणे हा धर्म आहेच. परंतु जनावर विकले जाण्यापूर्वी वैरण पोचली, तर त्याच घरास पुढील वर्षी हात पसरावा लागत नाही. मोठ्या जनावरास दिवसास सुमारे १५ किलो हिरवी वैरण धरली, तर चार महिन्यांस १,८०० किलो लागते. एवढ्यावर एका कुटुंबाची मिळकत वाचते.

कृष्णाकाठच्या बागायतदारांनी उसाचे वाढे द्यावे, व्यापारी बंधूंनी मालमोटारी व भाडे द्यावे, इतरांनी यथाशक्ति द्रव्य द्यावे. मात्र जे द्यावयाचे ते वेळेवर द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे. बाजार भरून गेल्यावर आलेली गंजी कोणाच्याही दावणीस उपयोगी पडत नाही.