फरशीची साक्ष

समजा, खारेपाटणात तुमच्या न्हाणीघरात नवी फरशी बसली, पण पाणी साचते. घरचे म्हणतात, काम वाईट. ठेकेदार म्हणतो, उत्तम. निवाडा कसा करणार?

प्रत्येक फरशीवर नाण्याने ठोका. खाली मसाला नीट भरला असेल, तर ठोक्याची ऊर्जा जमिनीत जाते. आवाज भरीव येतो. पोकळी असेल, तर फरशी ढोलकीच्या पुडीसारखी कंप पावते.

आता पारदर्शक नळीत पाणी भरा. बुडबुडे राहू देऊ नका. दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत येते. तेथून फरशीपर्यंतची खोली मोजा. जाळीकडे ती वाढत गेली पाहिजे. नाहीतर उतार चुकला!

मोजताना ठेकेदारालाही बोलवा. तरीही तो ऐकेना, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथेही शब्दांपेक्षा मोजमापच अधिक बोलते.